दमलेल्या बगळ्याची पडकई

हॅलो?

…हॅलो? हां, साधने, बोल. … अगं मला येतंय ऐकू. तुला येतंय का? … मंग झालं.

… म्हाईतच व्हतं मला, तू आज फोन करशील. … कसं म्हंजी? गावात यादी लागली नि तुझ्या कानावर गेली न्हाई असं कधी झालंय का? नारायणगावात बसून तुला इथल्या कोंबडीनं किती अंडी दिली ते कळतं.

… थांब, थांब. यादीचं मागनं. आधी मी इचारते त्याचं उत्तर दे. त्या बगळ्याला ह्यात काय मिळणार व्हतं?

… बगळा गं. आपल्या श्रेयाचं मशीन ज्यानं नीट केलं तो. … मी बोटं मोजलीत, साधने. बघ. नातं? न्हाई. गाव? न्हाई. देव, भाषा? न्हाई. उद्या दारावरनं जाताना चहा मिळंल म्हणावं, तर त्याचा देश दिसायला गेणूला मोबाइलवरचा नकाशा चार वेळा ताणावा लागला. निवडणुकीला उभा राहायचंय? न्हाई. पोरीला मागणी घालायचीय? तो बाई हाय का बुवा, हेच कुणाला म्हाईत न्हाई! दोन्ही हातांची बोटं संपली. हातात काय राहिलं, तर शून्य.

… तेच म्हणते मी. काय तरी मिळाल्याबिगर माणूस इकडचा दगड तिकडं करत न्हाई, हे मी पन्नास वर्षं बघत आलेय. मीबी करत न्हाई. तू तर…

… बरं बरं. न्हाई बोलत.

सांगते की पहिल्यापासनं. घाई न्हाई ना तुला? … टमाट्याचा बाजार दुपारनंतर? मंग लई वेळ हाय. नीट बस नि ऐक. … श्रेया? ही काय, समोर बसलीय. ते मोठं हेडफोन कानाला लावून. … न्हाई न्हाई, ती तिच्या कामात हाय. … पंखा बंद केलाय, म्हणून घाम येतोय. … बंदच बरा. तू मोडता घालू नको.

तर घोडेगावच्या हापिसात श्रेयाला लावलं व्हतं ना, फोन घ्यायला नि पत्रं टायपायला? करार संपत आलता. पुढं ठेवणार का घरी पाठवणार, ह्याचं पत्र ईमेलवर येणार व्हतं. आंधळ्या पोरीला कशाला ठेवतील, असं अर्धं गाव म्हणत व्हतं. त्यात तू बी व्हतीस.

… म्हणालीस! आपल्याच भावाच्या, गेणूच्या वटीवर बसून म्हणालीस, हातात चहाचा कप व्हता. … बरं, नसशील म्हणाली. कप म्हणाला आसंल.

… हां. तर पत्र आलं. पंधराव्या वर्षी डोळे गेल्यापासनं ती जे काय वाचती ते त्या मशीनच्या तोंडानं, ते तू बघितलंयस. स्क्रीनवर लिहिलेलं ते मशीन मोठ्यानं बोलतं. तसं ते बोलायला लागलं. मला पाठ झालंय बघ: ‘उपरोक्त विषयास अनुसरून, संदर्भीय पत्रान्वये प्राप्त प्रस्तावाच्या अनुषंगाने, सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेस अधीन राहून आपणांस कळविण्यात येते की, आपली कंत्राटी सेवा…’

… पुढं काय न्हाई. गप्प.

… गप्प म्हंजी गप्प! पुन्हा लावलं. पुन्हा ‘आपली कंत्राटी सेवा’ आन् गप्प. अकरा वेळा लावलं पोरीनं. अकराव्या वेळी गेणू उठून गोठ्यात गेला.

… अगं तेच तर! मी चष्मा बी घातला. म्हणलं, दे इकडं, मी वाचते, दोन मिनिटांचं काम. तर म्हणती, आत्या, हात लावायचा न्हाई. माझं पत्र मी वाचणार.

… हट्टी कुणावर गेली, ते आपण दोघींनी बोलू नये.

… न्हाई, ऐक ना, तिचं म्हणणं ऐक. ती म्हणाली, आज हे तुमी वाचून दाखवाल, मंग उद्या हापिसातली तुमी येऊन वाचणार का? तिथं सगळी असलीच पत्रं येत्यात. माझं मशीन मधेच गप्प बसत आसंल, तर त्यांनी मला काढायलाच पायजे. … हो. असं म्हणाली. आता ह्याच्यावर तू काय बोलशील? मी चष्मा काढून ठेवला. गेणूनं गुपचूप उघडायचा बेत केला, तर पोरीनं पासवर्ड घातलेला. बाप लेकीच्या दारात उभा, नि दाराला कुलूप.

… पीयूषला? केला की फोन. धरमचंदशेठचा पीयूष, तुमच्या तिथला, कॉम्प्युटरवाला. मशीन त्याच्याच दुकानातलं, जुनं. त्यानंच सांगितलं व्हतं, मावशी, ह्याच्यावर आता नवं विंडोज चढायचं न्हाई, म्हातारा बैल घाटाला जुपल्यागत होईल. म्हणून त्यानं ते पेंग्विनवालं घातलं. लिनक्स. … फुकट असतं म्हणं. … मलाबी तेच वाटलं, फुकट म्हंजी कुठं तरी पाणी मुरत आसंल. पीयूषला तर दुकानदाराच्या पोटी जन्म घेतल्यामुळं तो शब्द उच्चारताना ठसका लागतो.

… त्यानं मला एकदा सगळं समजावलं व्हतं बघ, गल्ल्यावर बसून. म्हणाला, मावशी, विंडोज म्हंजी भाड्याची खोली. राहा सुखानं, पण मालक कवाबी येतो नि म्हणतो, बाहेर थांबा, भिंत रंगवायचीय. ते सफरचंदवालं म्हंजी श्रीमंत पाव्हण्याचं घर. गादी मऊ, पण फडताळ उघडायचं न्हाई. आन् लिनक्स म्हंजी आपलं घर. मालक तुमीच, आन् पावसाळ्यात वर चढून कौलं बी तुमीच फिरवायची.

… हसू नको. पोरगं हुशार हाय. पण ह्या बिघाडाला त्यानंबी हात टेकले.

मंग श्रेयानं जगाला लिहिलं.

… जगाला म्हंजी जगाला! ह्या कॉम्प्युटरच्या वेड्यांची इंटरनेटवर चावडी असती. तिथं जाऊन कुणीबी सांगायचं, आमच्याकडं असं असं बिघडलंय. आन् ती माणसं तुझं आडनाव इचारत न्हाईत, नवरा काय करतो इचारत न्हाईत. पहिला प्रश्न काय, तर ‘व्हर्जन कुठलं?’

… पहिले दोघं आले ते भांडतच आले. एक म्हणाला, तू चुकीचं पेंग्विन घातलंयस, माझ्यासारखं घाल. दुसरा म्हणाला, ह्याचं पेंग्विन म्हातारं झालंय, ह्याचं ऐकू नको. शेकड्यानं जाती हायेत म्हणं त्यात, नि एकीचं दुसरीशी पटत न्हाई. श्रेया वाचून दाखवत व्हती नि मला लई बरं वाटलं. म्हणलं, चला, माणसंच हायेत.

आन् तिसरा आला तो हा. नाव काय घेतलंय, तर ‘दमलेला बगळा’. … इंग्रजीत गं. फोटोबी बगळ्याचाच, एका पायावर उभा. एस्टोनिया का काय देश हाय. तो आवाजाचा प्रोग्रॅम तोच सांभाळतो, नोकरीवरनं आल्यावर. … न्हाई, त्याचा पगार न्हाई मिळत. मी दोनदा इचारून घेतलं.

तो म्हणाला, पत्र पाठव, बघतो. श्रेया म्हणाली, खाजगी हाय. बरं म्हणाला, मंग तसलंच दुसरं लांब वाक्य पाठव. तिनं काय पाठवलं सांग. … पाणीपट्टीची नोटीस! ग्रामपंचायतीची! नऊ ओळी, आन् पूर्णविराम एकच, शेवटाला.

त्याचं उत्तर आलं, ‘हे सगळं एकच वाक्य आहे?’

श्रेयानं लिहिलं, ‘हो.’

‘तुमच्याकडं माणसं असं बोलतात?’

‘न्हाई. फक्त लिहितात.’

… अगं पुढं ऐक तरी! हसतीस काय. … हाड! हाड! … तुला न्हाई गं, कोंबडं आलं आत. श्रेया हातवारे करतीय, हाकल म्हणून. … गेलं.

तर बिघाड काय व्हता. वाक्य बोलायच्या आधी मशीन ते एका डब्यात भरून घेतं. डबा ज्यानं केला त्यानं इंग्रजी डोळ्यापुढं ठेवून केला. इंग्रजीच्या अक्षराला एक दाणा जागा लागती, आन् आपल्याला? तीन! … देवाशपथ. नुसत्या ‘क’ला तीन, त्याला काना दिला की आणखी तीन. श्रेयानं मला मोजून दाखवलं. इतकी वर्षं तो डबा तसाच पडून व्हता, कुणाचं वाक्य त्याच्याबाहेर सांडलंच न्हाई. आपल्या हापिसाचं सांडलं.

… न्हाई ना, नुसता डबा मोठा करून भागत न्हाई. एक शिवण उसवली की दुसरीकडं ओढ बसती, तसं व्हतं म्हणं. पाच दिवस बसला तो. रोज श्रेयाला लिहायचा, आता हे करून बघ, आता ते करून बघ. शुक्रवारी करार संपत व्हता. बुधवारपर्यंत पत्र तसंच, ‘आपली कंत्राटी सेवा’ नि गप्प. गेणूचं जेवण तुटलं. मी दोनदा म्हणलं, पोरी, सोड नाद, दे मला वाचायला. मान हलवायची नुसती.

गुरवारी सकाळी मी भाकऱ्या थापत व्हते. आन् खोलीतनं सुरू झालं, ‘उपरोक्त विषयास अनुसरून…’

साधने, घरातलं कुणी हलंना. गेणू दारात उभा, हातात दुधाची किटली. ‘…मान्यतेस अधीन राहून आपणांस कळविण्यात येते की, आपली कंत्राटी सेवा…’

…

… अगं हाय, हाय फोनवर. बोलते. जरा…

ते थांबलं न्हाई गं. ‘…पुढील अकरा महिन्यांकरिता वाढविण्यात येत असून…’ म्हणालं, आन् तरी थांबलं न्हाई! त्या ‘असून’च्या पुढं आणखी सात ओळी वाचल्या त्यानं. रजा, हजेरी, ओळखपत्र, सगळं. गेणूनं किटली खाली ठेवली नि तिथंच बसला. आन् पोरीनं काय करावं? ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. हसली कधी, तर ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ला.

… हो. अकरा महिने. … माझी भाकरी करपली ती करपलीच.

बघ ना. ज्यानं आंबेगाव तालुका ऐकला न्हाई, श्रेयाचं तोंड बघितलं न्हाई, तो माणूस तिला तिचं पत्र वाचता यावं म्हणून पाच दिवस डोकं घालून बसतो. आपल्या सख्ख्या भावकीत बांधाचा एक धोंडा कुणी सरळ करून देतं का? … हां. पडकई सोडून. बरोबर बोललीस. तिथंच येते आता.

मी हे सखूबाईला सांगायला गेले. तिचं तुला म्हाईत हाय, पडकईत कुणाच्या भातखाचरात कुणी किती दिवस दगड उचलले, सगळं तोंडपाठ. तिनं सगळं ऐकून घेतलं, नि म्हणाली, ‘पाच दिवस दिले त्यानं? मंग आपण पाच दिवस लागतो. त्याचं खाचर कुठं हाय?’

… अगं मी काय सांगू! श्रेया म्हणाली, आजी, त्याला भातखाचर न्हाई. तिकडं भात व्हत न्हाई. सखूबाई म्हणती, ‘भात नसू दे. माणूस हाय म्हंजी काय तरी ढासळलेलं आसंलच. इचार त्याला.’

इचारलं की. सखूबाईपुढं कोण बोलतंय? श्रेयानं इंग्रजीत सगळी पडकई लिहून पाठवली. आमच्या डोंगरात एकट्याच्यानं खाचर व्हत न्हाई, म्हणून सगळी वाडी आज एकाच्या बांधाला लागती, उद्या दुसऱ्याच्या, पैसा कुणी घेत न्हाई, दिवसाला दिवस द्यायचा. तुमी पाच दिवस दिलेत, तर तुमचा बांध कुठला ढासळलाय ते आमची आजी इचारतीय.

दोन दिवस त्याचं उत्तर न्हाई. मला वाटलं, घाबरला, येतीत का काय टिकाव-पाट्या घेऊन.

मंग आलं. त्यानं काय लिहिलं ते श्रेयानं तीनदा वाचून दाखवलं मला. म्हणाला, ‘वीस वर्षं मी हे काम करतोय. लोकांनी शिव्या दिल्या, आभार मानले, एकानं केकसुद्धा पाठवला. पण तुझा बांध कुठं ढासळलाय, असं कुणी इचारलं नव्हतं.’

… हां. मलाबी तसंच झालं व्हतं.

… ढासळलाच व्हता की! मराठीचा आवाज. एकाच माणसाच्या बोलण्यावरनं बनवलाय, पत्र्यावर खडे टाकल्यागत येतो. त्याला बाया पायजे व्हत्या, म्हातारी माणसं पायजे व्हती, डोंगरातलं बोलणं पायजे व्हतं. आन् तिकडं बसून तो मराठी माणूस कुठनं आणणार?

मंग रविवारी शाळेत सगळी वाडी, आवाज भरून द्यायला. एकवीस घरं, घरटी एक माणूस, सकाळपासनं दिवस मावळंस्तोवर. वाक्यं त्यानं पाठवलेली, श्रेयानं मराठी केलेली. अगं, कसली वाक्यं! ‘माझ्या जहाजाचा कप्तान रागावला आहे.’ सोमाजीनं जन्मात जहाज बघितलं न्हाई. म्हणतो, कप्तान म्हंजी सरपंच का? आन् सरपंच समोरच बसलेला! सखूबाईला अक्षर न्हाई, तर श्रेया हेडफोनात ऐकायची, तिच्या कानात सांगायची, आन् मंग ती बोलायची. जिला दिसत न्हाई ती वाचून देतीय, जिला वाचता येत न्हाई ती बोलतीय. ‘बर्फावर हळू चाला,’ असं सखूबाई इतकं मायेनं म्हणाली, की सोमाजी खरंच जपून पाय टाकत बाहेर गेला. बर्फ बघितलंय का कुणी त्यातल्या?

… जेवण? पडकईला जेवण खाचरवाल्याचंच असतं, पण बगळा कुठनं घालणार? सखूबाईनं त्याच्या नावानं डाळभात शिजवला. त्याचा फोटो पाठवला, तर त्यानं त्याच्या ताटाचा पाठवला. काळी भाकरी नि मासा.

हां. आता तुझी यादी. त्या प्रोग्रॅमबरोबर एक कागद जातो, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांच्या नावांचा. ह्या लोकांची रीतच हाय ती. जगात कुठंबी ते मशीनमधे घातलं की कागद बरोबर. मेलेल्याचं नावबी पुसत न्हाईत. आपली एकवीस नावं त्यात चाललीत. वर लिहिलंय, ‘पडकई’. ह्या अक्षरांत.

… न्हाई. तुझं न्हाई त्यात.

… कारण तू आली न्हाईस! … निरोप दिलता. … हो, बाजार, हो… हो, हो… अगं ऐक ना… पडकईला माहेरवाशीण धरत न्हाईत, असं म्हणालीस ना निरोप्याला? मंग आता नाव कशाला पायजे?

… आता कसं!

… रागावू नको. संध्याकाळी तो सगळं गाठोडं बांधतोय. त्यात न्हाई गेलं तर पुढल्या वर्षी. आन् एक जागा अजून रिकामी व्हती. त्याला एका बाईचं अर्धा तास आपसूक बोलणं पायजे व्हतं, वाचलेलं न्हाई. माणूस अडखळतो कसा, चिडतो कसा, मधेच थांबतो कसा, ते मशीनला कळायला. ते नसंल तर मराठीचा आवाज अर्धाच राहतो म्हणाला. दोन दिवस मला माइकपुढं बसवलं पोरीनं. ‘माझं नाव मंगल. मी शिनोलीच्या वर राहते.’ आन् गप्प. त्या पत्रासारखी.

मंग श्रेया म्हणाली, आत्या, तू मोकळी कुणाशी बोलतीस?

…

… साधने?

… हां. आलं का ध्यानात?

… चालूच हाय. तू फोन करायच्या आधीपासनं. … यादीची बातमी पीयूषनं उगाच सांगितली का तुला? मीच सांगायला लावली.

… अगं ओरडू नको! तुझा एक शब्द त्यात गेला न्हाई. फोन माझ्या कानाला हाय, माइक माझ्या तोंडाशी. नवऱ्याबद्दल मगाशी जे बोललीस ते मी परत उच्चारलं का? न्हाई ना? मंग.

… रडतीस का हसतीस? … दोन्ही?

… लागतंय, तुझं नाव बी लागतंय. कालच इचारून ठेवलं सखूबाईला, नुसतं ऐकणाऱ्याचं काय धरायचं म्हणून. म्हणाली, ‘मंगलचं अर्धा तास ऐकायचं म्हंजी दगडच उचलायचे की. पुरा दिवस धरा.’

… श्रेया हात करतीय. बास झालं म्हणती. पोटभर झालं.

… काय? बगळ्याला काय मिळालं? इचारलंस का शेवटी! सखूबाईनं मांडलंय ते. त्यानं दिले पाच. वाडीनं दिले एकवीस. म्हंजी आता सोळा दिवस तोच आपल्याला लागतो. श्रेयानं कळवलं तसं त्याला. लई खूश झाला म्हणं. म्हणाला, एवढं मोठं देणं जन्मात कुणी माझ्यावर चढवलं न्हाई, सावकाश फेडीन.

… हां, हां, साधने. तुझा धरून सतरा.